नावापुढची अक्षरे आणि खालची सही

अभियंत्यांच्या व्यावसायिक संस्थांविषयी आलेल्या पत्रांना या वेळचे सदर पूर्णपणे दिले आहे. काही पत्रे बरीच लांब होती, त्यामुळे प्रश्नाला आवश्यक तेवढाच मजकूर ठेवला आहे. पत्रलेखकांच्या विनंतीनुसार नावे छापलेली नाहीत.

प्रश्न: यांत्रिकी अभियांत्रिकीची पदवी घेऊन मला सहा वर्षे झाली. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स, इंडिया या संस्थेचे सभासदत्व घे, असा आमच्या जुन्या साहेबांचा आग्रह आहे. बरोबरीचे मित्र मात्र म्हणतात की पैसे भरून कपाटात ठेवायला एक प्रमाणपत्र मिळते, याहून जास्त काही नाही. मी काय करावे? (चाकण)

उत्तर: आपले मित्र म्हणतात ते पुष्कळांच्या बाबतीत खरे ठरते, कारण पुष्कळजण प्रमाणपत्र घेतात आणि नंतर केंद्राची पायरी चढत नाहीत. संस्था 1920 साली स्थापन झाली, 1935 साली तिला राजसनद मिळाली, आणि या सनदेच्या आधारेच तिच्या पात्र सभासदांना ‘चार्टर्ड इंजिनिअर’ हे बिरुद लावता येते. मुख्यालय कोलकात्याला आहे, महाराष्ट्राचे राज्य केंद्र मुंबईत हाजी अलीजवळ आहे आणि आपल्याला सोयीचे असे पुण्याचे स्थानिक केंद्र शिवाजीनगरला आहे. स्थापत्यापासून वस्त्रोद्योगापर्यंत 15 विद्याशाखांचे काम संस्थेत चालते आणि तिचे संशोधनपर नियतकालिक ए ते ई अशा पाच मालिकांत निघते. आपल्या यांत्रिकी शाखेचे लेख त्यातील सी मालिकेत येतात.

ही सगळी माहिती संस्थेच्या पत्रकात मिळते. पत्रकात न मिळणारी एक गोष्ट सांगतो. नोकरीची पहिली दहा वर्षे आपल्याला आपल्याच कारखान्यातले बिघाड दिसतात, आणि त्यांवरचे उपायही आपल्याच साहेबांनी शिकवलेले असतात. मी तिशीत असताना शाफ्टच्या मोडतोडीवरील एका व्याख्यानाला गेलो होतो. व्याख्यान बेताचेच झाले, पण शेजारी साखर कारखान्यातील एक मुख्य अभियंता बसले होते. चहाच्या वेळी त्यांनी माझ्याच वहीत मिल-रोलरच्या शाफ्टचे चित्र काढले, जर्नलला, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाला, लागून जिथे व्यास बदलतो त्या खांद्यावर पेन्सिलीने गोल केला आणि म्हणाले, “तडा इथूनच सुरू होतो. हंगाम संपला की आधी इथे हात फिरवायचा, मग बाकीचं बघायचं.” आमच्या कारखान्यात साखरेशी संबंध असलेले एकही यंत्र नव्हते, तरीही पुढच्याच वर्षी एका प्रेसच्या शाफ्टवर नेमक्या तशाच खांद्याला केसासारखा तडा सापडला. आपला साडेसहा वाजता सुटणारा कारखाना आणि शिवाजीनगर यांमधले अंतर मला माहीत आहे, तरीही महिन्यातून एकदा ते कापण्याची तयारी असेल तर सभासद व्हा. तशी तयारी नसेल तर आपल्या मित्रांचे म्हणणे आपल्या बाबतीतही खरे ठरेल.

प्रश्न: मी चार्टर्ड इंजिनिअर असून गेल्या वर्षी नोकरी सोडून स्वतंत्र व्यवसाय सुरू केला आहे. यंत्रांच्या मूल्यांकनाचे दाखले देण्याचे काम मिळू लागले आहे. काही मध्यस्थ फोटो आणि कागदपत्रे पाठवतात आणि “साहेब, यायची तसदी घेऊ नका, नुसती सही करा,” असे म्हणतात. नव्या व्यवसायात कामाला नाही म्हणणे जड जाते. यात कितपत धोका आहे? (इचलकरंजी)

उत्तर: हे पत्र मी तीन वेळा वाचले, कारण या सदराकडे येणाऱ्या सर्व प्रश्नांत मला हाच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. चार्टर्ड इंजिनिअरची सही कुठे कुठे मागितली जाते ते पाहा. परदेशातून जुनी यंत्रे आणताना त्यांचे उत्पादन-वर्ष, अवस्था आणि किंमत यांविषयीचा दाखला सीमाशुल्क विभागाला लागतो. निर्यात प्रोत्साहनाच्या ईपीसीजी योजनेत सवलतीच्या शुल्काने आणलेले यंत्र खरोखर बसवले गेले आहे, याचा दाखला स्वतंत्र चार्टर्ड इंजिनिअरला देता येतो. बँकाही कर्जाच्या प्रकरणांत मूल्यांकन मागतात. या प्रत्येक ठिकाणी समोरच्या अधिकाऱ्याने यंत्र पाहिलेले नसते, आपण ते पाहिले आहे असे धरूनच तो पुढचा शिक्का मारतो. सनदेने आपल्याला जे दिले आहे ते एवढेच, की आपण पाहिले म्हणजे त्याने पाहिल्यासारखे आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी आपल्याच भागातील एका शेडमध्ये युरोपातून आलेले जुने रेपियर माग पाहण्यासाठी मला बोलावले होते. कागदपत्रे व्यवस्थित होती आणि मध्यस्थाने पाठवलेल्या फोटोंत प्रत्येक मागाची नामपट्टी स्वच्छ वाचता येत होती. प्रत्यक्षात शेडमध्ये गेल्यावर पहिली गोष्ट डोळ्यात भरली ती म्हणजे पट्ट्यांचे रिव्हेट. बाकी सर्व यंत्रावर तेल आणि कापसाच्या तुसाचा काळा थर बसलेला असताना हे चार-चार रिव्हेट मात्र चकचकीत होते. मागाच्या बाजूच्या ओतीव सांगाड्यावरचा थर मी खिशातल्या नाण्याने खरवडला, तेव्हा ओतकामातच उमटलेले वर्ष दिसू लागले. ते पट्टीवरच्या वर्षापेक्षा अकरा वर्षांनी जुने होते. मी दाखला दिला नाही आणि त्या मध्यस्थाकडून मला पुन्हा काम आले नाही. पण खरा फटका बसला होता तो कारखानदाराला. अकरा वर्षांनी नव्या असलेल्या यंत्रांची किंमत मोजून तो बसला होता आणि त्याला याची कल्पनाही नव्हती. फोटोवरून सही केली असती तर त्या फसवणुकीत माझा हात राहिला असता.

आता कायद्याचे. सीमाशुल्क कायद्याच्या 114 एए कलमानुसार, जाणूनबुजून खोटे निवेदन किंवा दस्तऐवज तयार करणाऱ्याला, त्यावर सही करणाऱ्याला किंवा तो वापरणाऱ्याला मालाच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो, आणि ती किंमत मालाची धरली जाते, आपल्या फीची नव्हे. शिवाय संस्थेच्या आचारसंहितेखालील कारवाई वेगळी.

म्हणून माझा आग्रह असा, की यंत्रासमोर उभे राहिल्याशिवाय सही करू नये. दाखल्यात तपासणीची तारीख, जागा आणि प्रत्येक यंत्राचा अनुक्रमांक लिहावा, नामपट्टीबरोबरच सांगाड्यावरील खुणांचेही फोटो स्वतः काढून फाइलला लावावेत. एखादी गोष्ट केवळ कागदपत्रांवरून लिहीत असाल तर तसे त्याच वाक्यात नोंदवावे. फी यंत्राच्या किमतीच्या टक्केवारीत कधीही ठरवू नये, कारण त्या क्षणापासून किंमत वाढण्यात आपला स्वार्थ गुंततो. पहिल्या दोन-तीन वर्षांत यामुळे कामे हातची जातील, हे मी लपवत नाही. मात्र बँकेतले आणि सीमाशुल्क विभागातले लोक कोणाचा दाखला डोळे मिटून स्वीकारायचा हे लवकर ओळखतात, आणि नंतरची कामे त्या ओळखीवर येतात.

प्रश्न: माझ्याकडे पदविका आहे आणि मी औद्योगिक वसाहतीत पर्यवेक्षक आहे. ‘एएमआयई करा, ती पदवीच आहे,’ असे एका शिकवणीवाल्यांनी सांगितले आणि शुल्कही भरायला लावले. आता एका सरकारी जाहिरातीत माझा अर्ज नाकारला गेला. (सांगली)

उत्तर: आपल्याला अपुरी माहिती देण्यात आली, याचे मला फार वाईट वाटते. एएमआयई ही इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सची सभासदत्वाची परीक्षा, आणि संस्थेच्या परीक्षा 1928 पासून चालू आहेत. दिवसा कालव्यावर किंवा रस्त्याच्या कामावर उभे राहून रात्री कंदिलाखाली सेक्शन ए आणि सेक्शन बी या तिच्या दोन भागांचा अभ्यास करणाऱ्या, आणि त्या बळावर कार्यकारी अभियंता होऊन निवृत्त झालेल्या माणसांना मी स्वतः ओळखतो. त्या परीक्षेची किंमत मी कधीही कमी लेखणार नाही. परंतु केंद्र सरकारच्या निर्णयानुसार पदवीशी समकक्षतेचा लाभ 31 मे 2013 पर्यंत नाव नोंदवलेल्यांनाच मिळतो. आपली नोंदणी त्यानंतरची असल्याने, सरकारी नोकरीसाठी ही परीक्षा पदवी म्हणून पुढे करता येणार नाही.

आपल्यासाठी योग्य मार्ग दुसरा आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने (एआयसीटीई) 2023-24 या शैक्षणिक वर्षापासून नोकरी करणाऱ्यांसाठी सोयीच्या वेळेत चालणारे पदवी अभ्यासक्रम मान्यताप्राप्त महाविद्यालयांत सुरू करण्याची मुभा दिली आहे, आणि पदविकाधारकाला त्यात थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो. कामाच्या अनुभवाची आणि कामाचे ठिकाण महाविद्यालयाच्या जवळ असण्याची अट त्यात आहे, म्हणून आपल्या परिसरातील कोणत्या महाविद्यालयाला अशी मंजुरी आहे ते आधी प्रत्यक्ष जाऊन विचारावे. एएमआयईसाठी केलेला गणिताचा आणि यंत्रशास्त्राचा अभ्यास तिथे उपयोगी पडेल.

प्रश्न: माझा मुलगा कुवेतमध्ये अभियंता आहे. त्याच्या महाविद्यालयाला नॅकची उत्तम श्रेणी आहे, तरी तिथल्या अभियंत्यांच्या संस्थेने त्याची पदवी मान्य केली नाही. असे कसे होऊ शकते? (चिपळूण)

उत्तर: नॅक संपूर्ण महाविद्यालयाचे मूल्यमापन करते. राष्ट्रीय मान्यता मंडळ, म्हणजे एनबीए, प्रत्येक अभ्यासक्रम स्वतंत्रपणे तपासते. एकाच महाविद्यालयातील यांत्रिकी शाखेला मान्यता असते आणि त्याच इमारतीतील विद्युत शाखेला नसते, आणि जी असते तीही ठरावीक वर्षांपुरती असते. कुवेतने 2018 साली अभियंत्यांच्या निवास-परवान्याच्या नूतनीकरणाला तेथील सोसायटी ऑफ इंजिनिअर्सचे ना-हरकत पत्र आवश्यक केले. भारतीय पदव्यांसाठी त्या सोसायटीने एनबीएची मान्यता हाच निकष धरला, आणि वीस-वीस वर्षे तिथे काम केलेली माणसे अडचणीत आली. ज्या काळात ते शिकले त्या काळात या मान्यतेचे नावही पालकांना ठाऊक नव्हते. ती माणसे स्वतःच्या चुकीने अडकली नाहीत, हे इथे स्पष्टपणे लिहिले पाहिजे.

मुलाने महाविद्यालयाकडून आपली शाखा आणि उत्तीर्ण होण्याचे वर्ष यांचा स्पष्ट उल्लेख असलेले मान्यतेचे पत्र मागवावे. बऱ्याचदा त्या वर्षी मान्यता असते, परंतु महाविद्यालयाच्या सर्वसाधारण पत्रात ती दिसत नाही. याखेरीज आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. वॉशिंग्टन करार या पदव्यांच्या परस्पर-मान्यतेच्या करारात भारत 13 जून 2014 रोजी पूर्ण सभासद झाला, परंतु त्याचा लाभ एनबीएच्या पहिल्या श्रेणीतील, म्हणजे साधारणपणे स्वायत्त संस्था आणि विद्यापीठ-विभागांतील मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांनाच मिळतो. ऑस्ट्रेलियाला जाऊ इच्छिणाऱ्यांची पदवी त्यात बसत नसेल तर त्यांना स्वतःच्या कामावरचे तीन सविस्तर वृत्तान्त असलेला अहवाल सादर करावा लागतो. सौदी अरेबियात तेथील अभियंता परिषदेकडे नोंदणी लागते. अनुभवी अभियंत्यांसाठी व्यावसायिक अभियंत्यांची एक आंतरराष्ट्रीय नोंदवही आहे आणि भारतात तिचे काम इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सच पाहते. आपल्या मुलाला दहा-बारा वर्षांचा अनुभव असेल तर त्याने तिथे जरूर चौकशी करावी.

आणि ज्या पालकांची मुले यंदा प्रवेश घेणार आहेत त्यांनी वसतिगृह आणि कॅन्टीन पाहण्यापूर्वी एवढे विचारावे, की या शाखेची एनबीए मान्यता कोणत्या वर्षापर्यंत आहे आणि ती कोणत्या श्रेणीची आहे.

प्रश्न: मी संरचना अभियंता आहे. मुलांच्या संगोपनासाठी 2013 साली काम थांबवले, आता पुन्हा सुरू करायचे आहे. मुलाखतीत खंडाचाच विषय निघतो. संस्थेचे सभासदत्व यात काही मदत करेल का? (नाशिक)

उत्तर: करेल, पण आधी संरचनेच्या मानक संहितांपासून सुरुवात करा. आपण थांबलात त्यानंतर भूकंपरोधक रचनेची आयएस 1893 आणि तिच्याबरोबरची आयएस 13920 या दोन्ही 2016 साली सुधारल्या गेल्या, वाऱ्याच्या भाराचा भाग 2015 साली बदलला आणि उंच इमारतींसाठी आयएस 16700 ही नवी संहिता 2017 साली आली. मानक ब्युरो आता या संहिता विनामूल्य उतरवून घेऊ देते. पूर्वी स्वतः केलेली एखादी जुनी रचना घेऊन ती नव्या संहितेप्रमाणे पुन्हा सोडवा, आणि कोणत्या स्तंभात किती पोलाद वाढले व का वाढले हे दोन पानांत लिहा. मुलाखतीत तो कागद समोर ठेवा. खंडाचा विषय त्यानंतरही निघेल, पण मग बोलणे स्तंभातल्या पोलादी रिंगांच्या अंतरावर येईल आणि तिथे आपण पक्क्या असाल. नंतर तोच मजकूर घेऊन स्थानिक केंद्रात अर्ध्या तासाचे व्याख्यान देण्याची तयारी दाखवा. केंद्रांना वक्ते हवेच असतात, आणि श्रोत्यांत कामे देणारे सल्लागार बसलेले असतात.

आपल्याला ए. ललिता यांच्याविषयी सांगावेसे वाटते. चार महिन्यांची मुलगी पदरात असताना त्यांना वैधव्य आले, त्यानंतर त्या मद्रासच्या गिंडी महाविद्यालयातून शिकून विद्युत अभियंता झाल्या, कोलकात्यात वीजवाहिन्यांच्या रचनेचे काम केले, 1953 साली लंडनच्या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेच्या सहयोगी सभासद आणि 1966 साली पूर्ण सभासद झाल्या. मधल्या काळात, 1964 साली, स्त्री अभियंते आणि शास्त्रज्ञांच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय परिषदेसाठी त्या न्यूयॉर्कला गेल्या होत्या. एका सभासदत्वापासून दुसऱ्यापर्यंत त्यांना तेरा वर्षे लागली. आपला खंड साधारण तेवढाच आहे.

प्रश्न: ‘आपली फेलो म्हणून निवड झाली आहे, शुल्क भरून मानपत्र घ्यावे,’ असा मेल मला तृतीय वर्षात असतानाच आला. खरा असेल का? (नांदेड)

उत्तर: नाही. आयईईई या विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक्स अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचे उदाहरण घ्या. तिथे फेलो होण्यासाठी स्वतःचे नाव स्वतः सुचवता येत नाही, आणि एका वर्षात मतदार सभासदांच्या एक हजारांश इतक्याच जणांना तो मान मिळतो. त्याखालच्या सीनियर सभासदत्वालाही दहा वर्षांची व्यावसायिक कारकीर्द आणि तिघांची शिफारस लागते, मात्र जादा शुल्क लागत नाही. आधी शुल्क मागणारा मान मिळवू नये. आपण विद्यार्थी सभासद व्हा. संशोधन-प्रकल्पासाठी इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स विद्यार्थ्यांना अनुदान देते, त्याचा अर्ज मार्गदर्शक प्राध्यापकांमार्फत करा. आयईईईचे वर्ष डिसेंबरअखेर संपते, हेही नाव नोंदवताना ध्यानात असू द्या.

प्रश्न: मी निवृत्त स्थापत्य अभियंता असून चार्टर्ड इंजिनिअर आहे. आमच्या इमारतीला बत्तीस वर्षे झाली. ‘काका, तुम्हीच संरचना तपासणीवर सही करा, सोसायटीचे पैसे वाचतील,’ असे सभासद म्हणतात. (डोंबिवली)

उत्तर: आपण सही करू नये. तीस वर्षांवरील इमारतीच्या स्थैर्याचे प्रमाणपत्र महापालिकेकडे नोंदणी असलेल्या संरचना अभियंत्याचेच लागते. चार्टर्ड इंजिनिअर हे बिरुद त्या नोंदणीची जागा घेऊ शकत नाही. शिवाय आपण त्याच इमारतीत राहता. समजा आपल्या मजल्यावर दुरुस्ती निघाली आणि खालच्या मजल्यावर निघाली नाही, तर शेजाऱ्यांनी कोणावर विश्वास ठेवायचा? मात्र आपल्या अनुभवाचा सोसायटीला फार मोठा उपयोग आहे. आदर्श उपविधींनुसार तीस वर्षांनंतर ही तपासणी दर तीन वर्षांनी करायची असते. तपासनीस येतील तेव्हा त्यांच्याबरोबर गच्चीपासून पाण्याच्या टाकीखालच्या तुळईपर्यंत फिरा, त्यांनी किती ठिकाणी हातोडी मारून आवाज ऐकला आणि किती ठिकाणी नुसते पाहिले हे टिपून ठेवा, आणि अहवाल आल्यावर तो सभासदांना साध्या मराठीत वाचून दाखवा.

प्रश्न: आमच्या केंद्रात 15 सप्टेंबरचा अभियंता दिन म्हणजे प्रतिमापूजन, सत्कार आणि भोजन. तरुण सभासद येत नाहीत. काय करता येईल? (पुणे)

उत्तर: 1968 पासून हा दिवस विश्वेश्वरय्यांच्या जन्मदिनी साजरा होतो, आणि आपण तर ज्या शहरात ते शिकले, 1883 साली परीक्षेत पहिले आले, त्या शहरात राहता. त्यांनी तयार केलेले स्वयंचलित दरवाजे 1903 साली खडकवासल्याच्या सांडव्यावर बसवले गेले. धरणाची उंची न वाढवता पाणी जास्त साठवायचे, आणि पूर आला की पाण्याच्याच जोराने दरवाजे उघडायचे, ही त्यामागची कल्पना होती. यंदा सत्कार एकच ठेवा, आणि उरलेल्या वेळात पदविकेच्या दोन-तीन विद्यार्थ्यांना या दरवाजाची चालती प्रतिकृती करून आणायला सांगा. पत्रा, प्रतिवजन, एक कुंडी आणि पाण्याचा नळ एवढ्यात ती होते. सभागृहात पाणी सांडेल, ते सांडू द्या. त्यानंतर 12 जुलै 1961 वर बोलण्यासाठी धरण-सुरक्षिततेचे काम केलेल्या एखाद्या निवृत्त अभियंत्याला बोलवा. काम पूर्ण झालेले नसताना भरलेले पानशेत त्या दिवशी फुटले आणि पाठोपाठ खडकवासलाही फुटले. पुण्यातल्या कित्येक घरांत त्या पाण्याची खूण कुठपर्यंत होती हे आजोबा-आजींना अजून सांगता येते. त्यांनाही कार्यक्रमाला बोलवा, पहिल्या रांगेत बसवा. जागा लवकर भरेल, म्हणून सभागृह ऑगस्टमध्येच राखून ठेवा.